सरदार पणिक्कर: इतिहासाच्या वर्गातून पेकिंगच्या वकिलातीत

मांडवीतीर (धागाकर्ता)

नमस्कार. मी वास्कोला उच्च माध्यमिकच्या मुलांना इतिहास शिकवतो. गोवा जिंकला अफोंसो द अल्बुकर्कने, तोही १५१० साली. मग आपल्या शहराला नाव वास्को द गामाचे कसे, हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. यंदा उत्तर देताना मी सरदार कावालम माधव पणिक्कर यांचा उल्लेख केला, कारण शहरच काय, आशियाच्या साडेचारशे वर्षांच्या इतिहासालाच ‘वास्को द गामा युग’ असे नाव देणारे ते इतिहासकार होते. त्यावर एका मुलीने विचारले की हे गृहस्थ प्राध्यापक होते की राजदूत. दोन्ही होते, असे मी म्हणालो आणि तास संपला. ते उत्तर खरे असले तरी अपुरे होते, ही रुखरुख गेले दोन आठवडे मनात आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

पणिक्करांचा जन्म १८९५ साली त्रावणकोर संस्थानातल्या कावालम गावी झाला. मद्रासला आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. परत आल्यावर त्यांनी अलीगढला अध्यापन केले, काही काळ ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादकपद सांभाळले आणि मग ते संस्थानिकांच्या सेवेत शिरले. नरेंद्रमंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या मंडळाचे काम, पतियाळाचे परराष्ट्रमंत्रिपद, बिकानेरचे पंतप्रधानपद असा तो प्रवास आहे. १९४८ साली नेहरूंनी त्यांना चीनला राजदूत म्हणून पाठवले तेव्हा नानकिंगमध्ये च्यांग कै-शेकचे सरकार होते. १९५० साली ते त्याच देशात, परंतु माओच्या नव्या सरकारकडे, पेकिंगला (आजच्या बीजिंगला) राजदूत म्हणून गेले. त्यानंतर इजिप्त, राज्य पुनर्रचना आयोग, फ्रान्स, राज्यसभा आणि अखेरीस पुन्हा विद्यापीठ: जम्मू-काश्मीरचे आणि मग म्हैसूरचे कुलगुरुपद. १९६३ च्या डिसेंबरात ते वारले. या सगळ्या काळात त्यांचे लेखन थांबले नाही. मल्याळममध्ये त्यांनी कादंबऱ्या आणि कविता लिहिल्या, आणि केरळ साहित्य अकादमीचे ते पहिले अध्यक्ष होते.

इतकी पदे एका माणसाने भूषवली याचे आश्चर्य क्षणभर वाटते, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या ग्रंथांचे आणि पदांचे परस्परांशी असलेले नाते. मलबार आणि पोर्तुगीज यांच्यावरचे त्यांचे पुस्तक १९२९ साली आले. पोर्तुगीजांची सत्ता ही मुळात समुद्रावरची सत्ता होती, जमिनीवर त्यांना मलबारात फारसे काही मिळवता आले नाही, हा विचार त्यांनी तिथे मांडला. गोव्यात राहणाऱ्याला हे पटायला ग्रंथ लागत नाही, नकाशा पुरतो. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेले महाल, सोळाव्या शतकात गेल्या, परंतु फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, केपे, काणकोण हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती यायला अठरावे शतक उजाडावे लागले. मांडवीच्या मुखावरच्या आग्वाद किल्ल्याच्या तोफा समुद्राकडे तोंड करून दीडशेहून अधिक वर्षे उभ्या राहिल्या, तरी मांडवीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, दुसऱ्याच कोणाचा तरी अंमल होता. पणिक्करांनी हाच धागा १९४५ च्या पुस्तकात हिंदी महासागरापर्यंत नेला आणि सांगितले की भारताचे स्वातंत्र्य समुद्रावरचा ताबा सुटला तेव्हाच धोक्यात आले, म्हणून स्वतंत्र भारताला आरमाराचा विचार आधी करावा लागेल. हे वाक्य स्वातंत्र्याच्या दोन वर्षे आधीचे आहे. खैबरखिंडीकडे डोळे लावून बसलेल्या देशाला समुद्राकडे वळायला सांगणारा हा माणूस तेव्हा एका वाळवंटी संस्थानाचा पंतप्रधान होता.

आशियातील पाश्चात्त्य वर्चस्वावरील त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ १९५३ साली निघाला. त्यात युगाची सुरुवात १४९८ ला, म्हणजे गामा कालिकतला उतरला तेव्हा, आणि शेवट १९४५ ला धरला आहे. मी मुलांना ही दोन वर्षे फळ्यावर लिहून दिली आणि खाली तिसरे वर्ष स्वतःच्या हाताने लिहिले: १९६१, गोवामुक्तीचे. पणिक्करांच्या आराखड्यात जे युग १९४५ ला संपले ते आमच्या दारात आणखी सोळा वर्षे रेंगाळले, आणि जिथून आपली सत्ता आशियाभर पसरली त्याच राजधानीत पोर्तुगीज, भारतातल्या युरोपीय सत्तांमध्ये सर्वांत शेवटपर्यंत, चिकटून राहिले. आराखडा चुकला असे मी म्हणत नाही. आशियाचे सर्वसाधारण वर्णन करताना गोव्यासारखी एखादी जागा निसटते, आणि ती भरून काढणे आपल्यासारख्यांचे काम आहे.

आता राजदूत पणिक्करांकडे येतो. १९५० च्या सप्टेंबरात अमेरिकन फौजा कोरियात इंचॉनला उतरल्या आणि उत्तरेकडे सरकू लागल्या. ३ ऑक्टोबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पणिक्करांना बोलावून घेतले आणि सांगितले की अमेरिकन सैन्याने ३८ वे अक्षवृत्त, म्हणजे दोन कोरियांमधली सीमा, ओलांडले तर चीन स्वस्थ बसणार नाही. पणिक्करांनी तो निरोप ताबडतोब दिल्लीला कळवला, दिल्लीने तो लंडन आणि वॉशिंग्टनला पोहोचवला. वॉशिंग्टनमध्ये कोणी तो मनावर घेतला नाही, कारण निरोप आणणारा माणूस चिनी कम्युनिस्टांच्या बाजूने झुकलेला आहे असे तिथे ठरून गेले होते. खुद्द अध्यक्ष ट्रूमन यांनीही पुढे आपल्या आठवणींत तसेच लिहिले. अक्षवृत्त ओलांडले गेले आणि १९ ऑक्टोबरपासून चिनी सैन्य सीमेवरची यालू नदी पार करून कोरियात शिरू लागले. निरोप अक्षरशः खरा होता. त्यानंतर कोरियाचे युद्ध जवळजवळ तीन वर्षे चालले.

पण त्याच महिन्यात दुसरी घटनाही घडत होती, आणि तिथे मला पणिक्करांचा बचाव करता येत नाही. चिनी फौजा तिबेटमध्ये चामदोकडे निघाल्या होत्या. भारताची तोपर्यंतची भूमिका अशी होती की तिबेटवर चीनची अधिसत्ता आहे, म्हणजे एक प्रकारचा वरचष्मा, ज्याच्या आत तिबेटची स्वायत्तता शाबूत राहते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पेकिंगला दिलेल्या टिपणात मात्र ‘अधिसत्ता’ या अर्थाच्या शब्दाच्या जागी ‘सार्वभौमत्व’ या अर्थाचा शब्द गेला. इंग्रजीत दोन्ही शब्द ऐकायला जवळचे आहेत, अर्थाने ते दोन टोकांना आहेत, आणि चीनने तो शब्द पुढे पुन्हा पुन्हा आपल्याकडे बोट दाखवायला वापरला. ज्या माणसाने जन्मभर तह, सनदा आणि करारनामे वाचले त्याच्याच वकिलातीतून हा शब्द गेला.

माझे म्हणणे असे आहे की इतिहासकाराने परराष्ट्र खात्यात जायचे ते शब्दाचे वजन जाणणारा माणूस म्हणून. मोठे सिद्धान्त इतरही मांडतात. पणिक्करांनी आशियाच्या नव्या उदयाचा सिद्धान्त उराशी इतका घट्ट धरला की पेकिंगमधली नवी सत्ता त्यांना आधी आशियाई दिसली आणि मग सत्ता दिसली. आपल्याला काय वाटते?

बार्देशचा वाचक

धागा चांगला आहे, परंतु शेवटच्या परिच्छेदात आपण पणिक्करांना जरा सोपे सोडले असे मला वाटते. त्या काळातच त्यांच्यावर आक्षेप घेतला गेला होता आणि घेणारा माणूस साधा नव्हता. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी नेहरूंना जे दीर्घ पत्र लिहिले त्यात आपला राजदूत चिनी धोरणाला आणि कृतीला कारणे शोधून देण्यात फार श्रम घेतो आहे, अशा आशयाचे वाक्य आहे. पटेल त्यानंतर महिनाभरच जगले. विद्वान माणूस जिथे जातो तिथल्या युक्तिवादाची आतली सुसंगती त्याला दिसू लागते, आणि ती इतरांना समजावून सांगण्याचा मोह त्याला आवरत नाही. हा त्याच्या अभ्यासाचाच गुण आहे आणि राजदूताच्या पदावर तोच दोष ठरतो. एका शब्दाच्या चुकीपेक्षा मला हे अधिक गंभीर वाटते.

दुसरी गोष्ट मराठी माणूस म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर या तिघांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी मानली नाही, द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले आणि विदर्भ वेगळा ठेवायला सांगितले. त्याच अहवालाला पणिक्करांनी स्वतंत्र टिपण जोडले, ते उत्तर प्रदेशाच्या विभाजनाची शिफारस करणारे. इतके मोठे राज्य संघराज्याचा तोल बिघडवील, हा त्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा होता आणि तो मांडायला धैर्य लागले असेल. पण उत्तरेच्या बाबतीत ज्याची नजर इतकी स्वतंत्र होती त्याला मुंबईच्या बाबतीत तशी स्वतंत्र नोंद करावीशी वाटली नाही, याची खंत माझ्या वडिलांच्या पिढीला अखेरपर्यंत होती. ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहींबरोबर सीमेवर जात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनाही जात. त्यांच्या लेखी ते दोन लढे एकच होते.

आंतरुजी

मांडवीतीर सरांनी ‘शब्दाचे वजन’ म्हटले आणि मला लगेच हेग आठवले. मी मोडी कागद वाचते, निवृत्तीनंतरही वाचते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थोडे सविस्तर लिहिते.

१९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. त्यानंतर भारत आपल्याला दमणहून तिथे जाऊ देत नाही, अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. वाटेच्या हक्काचा हा खटला. पोर्तुगालचे म्हणणे असे की या गावांवर आमचे सार्वभौमत्व आहे आणि ते आम्हाला मराठ्यांनी १७७९ च्या तहाने दिले. म्हणजे विसाव्या शतकात, डच शहरात, जगभरच्या न्यायाधीशांपुढे प्रश्न आला तो हा की पुण्याच्या दरबाराने पावणेदोनशे वर्षांपूर्वी नक्की काय लिहून दिले होते.

तहाच्या सतराव्या कलमात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती प्रत्यक्ष नेमून दिली गेली. कलमाचे वेगवेगळे पाठ न्यायालयापुढे ठेवले गेले. ते तपासून न्यायालयाने म्हटले की ही भाषा महसुलाच्या देणगीची, म्हणजे जहागिरीची किंवा सरंजामाची आहे, आणि अशा भाषेने प्रदेशाचे सार्वभौमत्व दिले गेल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आलेले नाही. ‘सरंजाम’ हा आपला शब्द त्या निकालपत्रात जसाच्या तसा, रोमन अक्षरांत, छापला आहे. गावांतले बंड मोडण्याचा अधिकारही पोर्तुगीजांना दिला होता; त्याचाही अर्थ वसुली नीट व्हावी एवढाच न्यायालयाने लावला, कारण सार्वभौम राजाला असा अधिकार दुसऱ्याकडून घ्यावा लागत नाही.

मराठी शब्दाने खटला जिंकला, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या भाषणांत तसे म्हटले जाते आणि ते बरोबर नाही. न्यायालयाने त्याच निकालात असेही धरले की मराठ्यांच्या जागी इंग्रज आल्यावर त्यांनी या गावांवरचा पोर्तुगीजांचा अंमल वस्तुस्थिती म्हणून आणि न बोलता मान्य केला, आणि भारतानेही तो तसाच मानला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी तो ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारला गेला. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. एका मताने सैन्याची वाट बंद झाली. त्या न्यायासनावर आपल्या बाजूने नेमलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती छागला बसले होते.

मला यातून सरांच्या मुद्द्याला पुस्ती जोडायची आहे. पणिक्करांच्या हातून निसटलेला शब्द आणि हेगमध्ये तोलला गेलेला शब्द यांचा प्रश्न एकच होता: दिले ते राज्य की केवळ मान? तिबेटच्या टिपणात तो प्रश्न कोणी थांबून विचारला नाही. हेगमध्ये तो विचारला गेला, कारण दोन्ही पक्षांना कागद वाचणारी माणसे आणावी लागली.

सत्तरीची लेक

मी राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे. माझी शंका अगदी व्यवहारातली आहे, कोणी रागावू नये. पणिक्करांना नेहरू ओळखत होते, त्या पिढीला सरळ बोलावणे येई. आज सत्तरीतल्या मुलीने परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करायचा म्हटले तर परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत जाणे हा एकच रस्ता दिसतो. अभ्यासक राहूनही त्या कामाला उपयोगी पडता येते का? की एक दार निवडले की दुसरे बंद?

साळकाठ

बेटा, दारे दोन्ही बाजूंनी उघडी राहिलेली उदाहरणे बरीच आहेत. आपल्या मराठीतलेच घ्यायचे तर रँग्लर परांजपे: १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, फर्ग्युसनचे प्राचार्य, गणिताचे अध्यापक, आणि १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त. राधाकृष्णन ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदावर असतानाच मॉस्कोला राजदूत होते. उलट्या दिशेने के. आर. नारायणन आले: परराष्ट्र सेवेतली कारकीर्द, मधल्या काळात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापन, पेकिंगला राजदूत, मग जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू, मग वॉशिंग्टनला राजदूत, राष्ट्रपतिपद तर पुढचे. अप्पादोराय यांनी दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५ साली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची जी शाळा उभारली ती पुढे याच विद्यापीठात विलीन झाली, आणि तिथून शिकलेली माणसे मंत्रालयात दिसतात. आजचे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांची डॉक्टरेटही तिथलीच आहे.

बार्देशचा वाचक

साळकाठ यांनी दिलेल्या नावांत मला एक नाव घालायचे आहे, कारण या धाग्यातला खरा पेच त्याच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो: राधाकृष्णन यांचे चिरंजीव सर्वपल्ली गोपाल. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीवर ऑक्सफर्डला प्रबंध लिहिलेला हा इतिहासकार १९५४ साली परराष्ट्र मंत्रालयाच्या इतिहास विभागाचा संचालक झाला आणि बारा वर्षे तिथे राहिला. १९५९ च्या अखेरीस चीनशी सीमावाद पेटला तेव्हा नेहरूंनी त्यांना लंडनला पाठवले, जुनी इंग्रजी दफ्तरे पाहून आपला दावा कितपत टिकतो ते सांगा म्हणून. लडाखला लागून असलेल्या अक्साई चीनवरचा भारताचा दावा चीनच्या दाव्यापेक्षा बळकट आहे, असा निष्कर्ष घेऊन गोपाल परतले आणि नेहरूंची भूमिका त्यानंतर अधिक ठाम झाली. १९६० साली दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी पेकिंग, दिल्ली आणि रंगून इथे बसून एकमेकांचे पुरावे तपासले, त्या भारतीय पथकातही गोपाल होते आणि त्या अहवालात भारताची बाजू पुराव्यांनी अधिक भरलेली आहे हे अहवाल वाचणाऱ्याला जाणवते.

म्हणजे इथे विद्वानाने शब्दही तोलले, कागदही वाचले, चूक काहीच केली नाही. तरीही १९६२ चे चीनयुद्ध टळले नाही. कागदावर बळकट असलेला दावा वाटाघाटीत सैल धरावा की घट्ट, हे कागद सांगत नाहीत, आणि दफ्तरातून बळकट पुरावा घेऊन आलेल्या माणसाच्या अहवालामुळे राज्यकर्त्याला सैल धरणे कठीण होते. मांडवीतीर यांच्या सिद्धान्ताला ही माझी हरकत आहे. शब्दाचे वजन कळणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

गोपाल पुढे ऑक्सफर्डला आणि मग जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकवायला गेले आणि त्यांनी तीन खंडांत नेहरूंचे चरित्र लिहिले. जवळून काम केलेल्या माणसाचे चरित्र लिहिताना जिव्हाळा लपत नाही, तसा तो तिथेही लपलेला नाही. मात्र ज्या कागदांवर त्यांनी खात्यात बसून काम केले ते इतर अभ्यासकांना दीर्घकाळ पाहायला मिळाले नाहीत, आणि याचे मला वाईट वाटते, कारण विद्येचा धर्मच असा आहे की आपण जे पाहिले ते दुसऱ्यालाही पाहता यावे.

मांडवीतीर (धागाकर्ता)

बार्देशचे वाचक यांची हरकत मी मान्य करतो आणि माझे वाक्य दुरुस्त करतो. पुराव्याचे बळ आणि धोरणाचा शहाणपणा या दोन गोष्टी मी एकाच मापात घातल्या होत्या. तरी एक सांगतो: गोपाल यांना विचारलेला प्रश्न ‘आपला दावा टिकतो का’ असा होता. ‘त्यांच्या दाव्यात टिकण्यासारखे काय आहे आणि तडजोडीला जागा कुठे आहे’ हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारण्याची जबाबदारी राज्यकर्त्याची. अभ्यासकाने तो न विचारताच उत्तरात घालावा का? मला वाटते घालावा; खात्यात विद्वान माणूस ठेवायचा तो विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारचा प्रश्न त्याला दिसतो म्हणून. मध्यरात्री चौ एन-लाय यांचे बोलणे ऐकून आल्यावर पणिक्करांना तो शेजारचा प्रश्न दिसला होता. ते त्यावेळी चीनचे वकीलपत्र घेऊन बोलत नव्हते, ऐकलेले वाक्य खरे आहे एवढेच बजावत होते. पेच असा की तिबेटच्या बाबतीत त्यांनी स्वतःची विश्वासार्हता आधीच खर्च केली होती, आणि ट्रूमन यांच्या माणसांना त्यांचे खरे बोलणेही पक्षपाती वाटले. दोन घटना मी पहिल्या लेखात वेगवेगळ्या सांगितल्या. त्या एकाच माणसाच्या एकाच हिशेबातल्या आहेत हे आता लिहिताना ध्यानात आले.

संयुक्त महाराष्ट्राबद्दलची आपल्या वडिलांची खंत मी समजू शकतो. माझ्या आजोळी, मळेवाडला, तशीच होती.

आंतरुजी

सत्तरीच्या लेकीला माझे उत्तर थोडे वेगळे आहे. राजदूत झालेल्यांची नावे ऐकून घे, पण आपल्या घरातला एक विद्वानही ओळखून ठेव, जो कधीच राजदूत झाला नाही. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते. दफ्तराची कसरीने आणि दमट हवेने वाताहत होत होती, ती त्यांनी सावरली. १९५२ साली त्यांनी पोर्तुगीजमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पोर्तुगीजांच्या वतीने भारतीय दरबारांत वकिली करणाऱ्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी माणसांविषयी आहे. ‘वकील’ म्हणजे तेव्हा राजदूत, हे इथे लक्षात ठेवायचे. आपल्या शेणवी घराण्यांतले दुभाषे आणि वकील पुणे दरबारी काय बोलत, गोव्याला काय कळवत, मराठीतले पत्र पोर्तुगीजमध्ये नेताना कोणता शब्द निवडत, हे त्या पुस्तकातून आणि त्यामागच्या कागदांतून दिसते. गोव्याच्या सरकारात ‘लिंग्वा दु इश्तादु’, म्हणजे राज्याचा दुभाषी, असे पदच होते. ज्या १७७९ च्या तहावर हेगमध्ये तेरा न्यायाधीश आणि दोन तदर्थ न्यायाधीश बसले तो तह अशाच दोन भाषांच्या मधल्या माणसांच्या हातून घडला होता. पिसुर्लेकरांचा पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढला. तो आधी वाच.

तू विचारलेस की अभ्यासक राहून उपयोगी पडता येते का. पोर्तुगीज आणि मोडी या दोन्ही येणारी तुझ्या वयाची माणसे मी बोटांवर मोजू शकते. पोर्तुगालशी, ब्राझीलशी, मोझांबिकशी, अंगोलाशी आणि पूर्व तिमोरशी बोलायला आपल्या देशाला ही भाषा लागते, आणि ती शिकायची सोय तुझ्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर, गोवा विद्यापीठात आहे. पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रहही तिथल्याच ग्रंथालयात आहे.

सत्तरीची लेक

बाय, मनापासून आभार. मी मोडीची मुळाक्षरे शाळेत असताना एका शिबिरात गिरवली होती, पुढे सोडली. पोर्तुगीज माझ्या आजोबांना येत असे, घरात त्यांची पोर्तुगीज शाळेतली ‘सेगुंदु ग्राव’ची (दुसऱ्या पायरीची) पुस्तके अजून आहेत. सतराव्या कलमाचा मराठी पाठ कुठे छापलेला मिळेल का? सरंजाम हा शब्द मी गावच्या देवस्थानाच्या कागदांत पाहिला आहे, पण तिथे तो याच अर्थाने आहे का, हे मला तपासायचे आहे.

आंतरुजी

देवस्थानाच्या कागदाची आधी नीट छायाप्रत काढून ठेव, मूळ कागद उन्हात धरू नकोस आणि घडीवर दाबू नकोस. ‘सरंजाम’ जिथे येतो त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येकी पाच ओळी उतरवून आण, कारण सरंजाम फौजेच्या खर्चासाठी दिलेला असतो तेव्हा अर्थ एक होतो आणि देवाच्या पूजेअर्चेसाठी तो शब्द सैलपणे वापरलेला असतो तेव्हा दुसरा. पुढच्या रविवारी सकाळी फोंड्याला ये. मी हेगच्या निकालपत्रातली त्या कलमाची पाने काढून ठेवते. मांडवीतीर सरांनाही वेळ असेल तर त्यांनी त्या विद्यार्थिनीला सोबत आणावे, जिने राजदूत की प्राध्यापक असे विचारले होते.

मांडवीतीर (धागाकर्ता)

येतो. तिच्या आईला विचारून तिलाही आणतो.